हॉलमधलं फर्न मरतं आणि डक्टमधलं का जगतं?

बोरिवलीत सातवा मजला, हॉलला पश्चिमेची खिडकी, आणि दीड वर्षात तीन बोस्टन फर्न गेलेली. आधी टोकं तपकिरी होतात, मग आख्खं पान वाळतं, आणि नुसता हात लागला तरी खाली बारीक पानांचा सडा पडतो. माळ्याने सांगितलं म्हणून रोज पाणी, कुठेतरी वाचलं म्हणून दिवसातून तीनदा स्प्रे, शिवाय महिन्याला चमचाभर खत. शेजारचं बर्ड्‌स नेस्ट फर्न अजून टिकून आहे, पण त्याच्या पानांमागे तपकिरी रेघा उमटल्या आहेत आणि ती कीड समजून तुम्ही औषध आणून ठेवलंय. हे सगळं सांगून तुम्ही विचारता की मुंबईची हवा फर्नला मानवत नाही का, आणि चौथं आणू, की दुसरं काही घेऊ.

औषधाची बाटली तूर्त कपाटात ठेवा, त्या रेघांकडे वळतेच. आधी हवेचं बघू. तुमच्या बाथरूमच्या खिडकीतून बिल्डिंगच्या डक्टमध्ये, म्हणजे पाइपांसाठी सोडलेल्या उभ्या मोकळ्या जागेत, डोकवा. बिल्डिंग जरा जुनी असेल तर कुठल्या ना कुठल्या मजल्यावर पाइपाचा सांधा गळत असेल, आणि त्याच्याखाली प्लास्टरच्या भेगेत हिरवंगार फर्न झुलत असेल. ते कोणी लावलेलं नाही. फर्नला फूल नसतं, बी नसतं. पानामागून धुळीसारखे बीजाणू उडतात आणि ओलसर भिंत मिळाली की तिथे रुजतात. सोसायटीचा प्लंबर ते उपटतो, पुढच्या पावसात ते परत हजर. जुन्या दगडी भिंतींवर जुलै-ऑगस्टमध्ये हंसराज या फर्नची नाजूक पानं लोंबताना तुम्ही पाहिली असतीलच. तेव्हा हवेला बोल लावू नका. डक्टमध्ये असं काय आहे जे हॉलमध्ये नाही, ते शोधायचं.

तिथे पाझर आहे. मुळांना चोवीस तास थोडं थोडं पाणी मिळतं, ते साचत नाही, आणि त्याच भेगेतून हवाही मिळते. मराठीत पाणी आणि ओल असे दोन शब्द आहेत, आणि फर्न सांभाळताना हा फरक फार उपयोगी पडतो. फर्नला ओल लागते. आपण पाणी ओततो आणि ओल झाली असं धरून चालतो.

मी वीसेक वर्षं मुंबईत घरांतल्या आणि ऑफिसांतल्या कुंड्या सांभाळायचं काम करते, आणि हा धडा मला फुकट मिळालेला नाही. सुरुवातीच्या काळात अंधेरीतल्या एका ऑफिसच्या लॉबीत चोवीस बोस्टन टांगली होती, एकाहून एक भरगच्च. तीन आठवड्यांत टोकं करपायला लागली. पाणी घालणाऱ्या मुलाला म्हटलं, पाणी वाढव. त्याने वाढवलं, इतकं की फरशीवर थेंब पडतात म्हणून रिसेप्शनवरून तक्रार आली. झाडं वाळतच गेली. शेवटी एक कुंडी उपडी करून मुळांचा गोळा बाहेर काढला. कडेची मुळं काळी, बुळबुळीत, कुजका वास. चाकूने गोळा मधोमध कापला तर आत मोसंब्याएवढं लाल मातीचं ढेकूळ, ठणठणीत कोरडं. नखाने खरवडलं तर भुकटी उडाली. रोज ओतलेलं पाणी त्या ढेकळाला वळसा घालून कुंडीच्या कडेने खाली उतरत होतं. एकाच कुंडीत निम्मी मुळं बुडून मेली होती आणि निम्मी तहानेने. चोवीसातली पाच वाचली. पैसे परत द्यावे लागले, ते वेगळंच.

ती लाल माती येते कुठून? मुंबईच्या नर्सऱ्यांतली पुष्कळशी झाडं मुंबईत वाढलेली नसतात. काही पुण्याजवळच्या उरुळी कांचनच्या बाजूने येतात, काही थेट आंध्रातल्या राजमहेंद्रीजवळच्या कडियमहून ट्रकने. प्रवासात मुळं हलू नयेत म्हणून गोळा चिकट मातीत घट्ट थापलेला असतो. वाटेसाठी ते ठीक, कुंडीसाठी वाईट. ही माती एकदा पुरती वाळली की आकसते, कुंडीच्या कडेशी फट पडते, आणि मग वरून कितीही ओता, पाणी त्या फटीतून पळतं. नर्सरीवाला त्यावर वरून दोन बोटं कोकोपीट, म्हणजे नारळाच्या सोडणाचा भुसा, पसरून देतो, त्यामुळे दिसायला सगळं काळंभोर आणि भुसभुशीत दिसतं.

तुमच्या तिन्ही झाडांचं हेच झालं असावं असा माझा अंदाज आहे. अंदाजच, कारण मी तुमचं घर पाहिलेलं नाही. एसी किती तास चालतो, खिडकीत ऊन किती वाजता येतं, आणि सोसायटीत पालिकेचं पाणी आहे की टँकरचं, या तीन गोष्टींवर उत्तर थोडं थोडं बदलतं.

आता माती बदलायची कशी ते सांगते. झाड आणल्या आणल्या उपसाउपशी करू नका. आठवडाभर सावलीत जसंच्या तसं राहू दे. मग कुंडीसकट बादलीत बुडवा. बुडबुडे निघायला लागतील. ते थांबेपर्यंत, साधारण वीस मिनिटं, तसंच ठेवा. गोळा मऊ झाला की बाहेर काढून बोटांनी आणि नळाच्या बारीक धारेने निम्मी तरी लाल माती सोडवा. सगळी काढायच्या मागे लागलात तर केसांसारखी मुळं तुटतात. गोळ्यात वाटाण्याएवढे पाणीदार गोल कंद दिसले तर घाबरू नका. बोस्टन म्हणून विकलेलं झाड बऱ्याचदा त्याचं भावंड, तलवार फर्न, असतं आणि ते अशा कंदांत पाणी साठवतं. उलट नशीब समजा, ते बोस्टनपेक्षा काटक असतं.

मिश्रण मी असं घेते: दोन भाग धुतलेलं कोकोपीट, एक भाग पालापाचोळ्याचं चांगलं कुजलेलं खत, एक भाग विटेचे हरभऱ्याएवढे तुकडे, आणि वर मूठभर लोणारी कोळशाचा चुरा. विटेचे तुकडे मिळाले नाहीत तर पर्लाइटचे हलके पांढरे दाणे चालतील. ‘धुतलेलं’ हा शब्द मात्र सोडू नका. काथ्यासाठी नारळाची सोडणं अनेक ठिकाणी खाऱ्या पाण्यात भिजवतात, आणि स्वस्तातल्या कोकोपीटच्या विटेत ते मीठ राहून जातं. वीट भिजून फुलली की फडक्यात बांधून दोन-तीनदा पाण्यात खळबळून पिळा. पहिलं पाणी चहासारखं निघतं. कुंडी जुन्या कुंडीपेक्षा दोन बोटंच मोठी घ्या. मोठ्या कुंडीतली रिकामी माती नुसती ओली राहते आणि आंबते. मातीची घ्यावी की प्लॅस्टिकची? गॅलरीत पावसाची झड येत असेल तर मातीची, एसीच्या खोलीत प्लॅस्टिकची. एसीत मातीची कुंडी इतकी भराभर सुकते की तुमची धावपळ होईल.

‘रोज पाणी’ हे माळ्याचं सोयीचं उत्तर आहे. त्याच्या नर्सरीत हिरव्या जाळीखाली, उघड्यावर, ते बरोबरही असतं. घरात मी बोट दुसऱ्या पेरापर्यंत आत घालून बघते. गार आणि दमट लागलं तर काही करायचं नाही. कोरडं वाटायला लागलं, पण पुरतं सुकलेलं नाही, ती वेळ पाण्याची. टांगलेल्या कुंडीत बोट घालायला हात पोचत नसेल तर खालून तळवा लावून वजन तोला. आठवड्याभरात हाताला सवय होते. पाणी द्यायचं तेव्हा भोकातून निथळेपर्यंत द्यायचं आणि बशीतलं ओतून टाकायचं. जुलैत माझ्या गॅलरीतल्या फर्नकडे मी दहा-दहा दिवस बघतही नाही. मार्चमध्ये पूर्वेकडून कोरडा वारा सुटतो, समुद्राकडचा वारा दुपारी उशिरा येतो, तेव्हा रोज पाणी लागतं. आणि सगळ्यांत जास्त रडके फोन मला येतात ते ऑक्टोबरमध्ये. पाऊस गेलेला असतो, ऊन चटकायला लागलेलं असतं, आणि हाताला मात्र पावसाळ्याची सवय असते.

पाण्याचा दर्जा हा तुमच्या तपकिरी टोकांमागचा दुसरा संशयित. पालिकेचं पाणी तानसा, वैतरणा, भातसा अशा तलावांतलं, म्हणजे सह्याद्रीवर पडलेला पाऊसच. त्यात क्षार कमी, फर्नला ते चालतं. टँकरचं किंवा बोअरचं पाणी असेल आणि नळाच्या तोंडाला, बादलीच्या कडेला पांढरे डाग धरत असतील, तर ते क्षार कुंडीतही साठतात आणि पानाच्या टोकाशी करपतात. त्यावर मुंबईत घरोघरी एक फुकट उपाय गळत असतो, एसीच्या नळीतलं पाणी. हवेतली वाफ गार होऊन झालेलं ते पाणी, त्यात क्षार जवळपास नसतात. बादली लावा आणि तेच घाला. आरओ मशीनमधून वाया जाणारं पाणी मात्र फर्नला अजिबात नको. त्यात क्षार आणखी घट्ट झालेले असतात. क्षाराचाच मुद्दा निघालाय तर खताचंही इथेच उरकते. महिन्याला चमचाभर रासायनिक खत बंद करा. जून ते सप्टेंबर दीड-दोन महिन्यांनी मूठभर गांडूळखत, बाकी वर्षभर काही नाही. चहाचा चोथा, कांद्याच्या सालींचं पाणी वगैरे प्रयोग जास्वंदीवर करा. साखर असलेल्या चहाच्या चोथ्याने फर्नच्या कुंडीत चिलटं होतात, एवढाच माझा अनुभव.

आता एसी. तो हवा कोरडी करतो हे खरं, पण फर्नला जास्त झोंबतो तो झोत. टिश्यू पेपरची बोटभर रुंद पट्टी फाडून कुंडीच्या दांडीला चिकटवा आणि एसी लावा. पट्टी फडफडली तर कुंडी तिथे नको, मग जागा कितीही शोभेची असो. पंख्यालाही हाच नियम. अंधेरीच्या त्या लॉबीत चोवीसच्या चोवीस कुंड्या एसीच्या व्हेंटच्या रांगेत होत्या. लाल मातीच्या जोडीला हेही होतं, ते मला पुष्कळ नंतर उमगलं.

तीनदा स्प्रे मारणं आजपासून सोडा. त्या फवाऱ्याने वाढलेला दमटपणा काही मिनिटांत विरतो, आणि संध्याकाळी मारलेलं पाणी पानांच्या बेचक्यात रात्रभर बसून बुरशीची सोय करतं. त्याहून मोठा तोटा असा की पानं ओली दिसतात आणि मातीत बोट घालायचं राहून जातं. दमटपणा हवाच असेल तर चार-पाच कुंड्या एकमेकींना खेटून ठेवा. आणि मुंबईत, एसी नसलेल्या खोलीत, पावसाळ्याचे चार महिने त्याचीही गरज नाही. तेव्हा आपल्या चपलांवरही बुरशी येते.

उजेडाबद्दल लोकांचा एक गैरसमज असतो की फर्न सावलीतलं, म्हणजे टीव्हीमागच्या कोपऱ्यातही चालेल. चालत नाही. पानं विरळ होतात, फिकटतात, आणि कमी उजेडात झाड पाणीही कमी पितं, म्हणून मुळं कुजतात. दुपारी दिवा न लावता जिथे पेपर आरामात वाचता येतो आणि हाताची सावली पुसट कडांची पडते, ती जागा योग्य. तुमची खिडकी पश्चिमेची, तर तीननंतरचं ऊन थेट पानांवर येत असणार. कुंडी खिडकीपासून चार-पाच फूट आत घ्या किंवा पातळ पांढरा पडदा लावा. समोर टॉवर असून ऊन अडत असेल तर खिडकीतच ठेवा, काही बिघडत नाही. तुमच्याकडे उत्तरेची गॅलरी असेल तर तीच सर्वांत चांगली, पण एक लक्षात ठेवा. मुंबईत सूर्य मेच्या मध्यावर बरोबर डोक्यावर येतो, सावली पायाखाली जाते, आणि मग जुलैच्या अखेरपर्यंत तो दुपारी किंचित उत्तरेकडे असतो. ज्या गॅलरीत वर्षभर ऊन नसतं तिथे मे महिन्यात सकाळ-संध्याकाळ चांगलं तिरपं ऊन येतं. पावसाचे ढग येईपर्यंतचे ते चार आठवडे कुंडी आत घ्या. गॅलरीत टांगणार असाल तर कबुतरांवर नजर ठेवा. भरगच्च बोस्टन म्हणजे त्यांना तयार घरटं. माझ्या एका ग्राहकाच्या कुंडीत दोन अंडी निघाली आणि पिल्लं उडेपर्यंत आम्ही कुंडीला पाणीसुद्धा चोरून घालत होतो.

बर्ड्‌स नेस्टच्या रेघा. पान उलटं करून खिडकीशी धरा. मधल्या शिरेपासून तिरप्या, एकमेकींना समांतर, समान अंतरावर, फणीच्या दातांसारख्या रेघा असतील तर ती कीड नव्हे. त्याच रेघांत बीजाणू तयार होतात. म्हणजे झाड वयात आलंय आणि खुशीत आहे. बोस्टनमध्ये हेच पानांच्या कडेने गोल ठिपक्यांच्या रांगेत दिसतं. दरवर्षी निदान दोघं तरी ते स्पिरिटने पुसून काढतात आणि मग मला फोन करतात. खवले कीड असती तर ठिपके वाटेल तसे विखुरलेले, देठावरही, नखाने टचकन सुटणारे, आणि खालच्या पानावर चिकट थर. पिठ्या ढेकूण तर कापसासारखा पांढरा, तो ओळखू येतोच. यातलं काही निघालं तरी फवारणी करू नका. फर्नची पानं औषधांना आणि तेलांना फार हळवी असतात. कापसाच्या काडीने टिपून काढा, किडीने भरलेलं पान सरळ कापा. आणि बर्ड्‌स नेस्टच्या मधल्या खळग्यात पाणी ओतू नका. जंगलात पाऊस तिथेच पडतो हे खरं, पण तिथे वारा असतो. घरात तो गाभा सडतो, आणि गाभा सडला की झाड संपलं.

दुसरं कुठलं घेऊ, यावर माझं मत विचाराल तर नवख्या माणसाला मी बर्ड्‌स नेस्टच देते, मग तलवार फर्न, मग बोस्टन. हंसराजाच्या कुळातलं मेडनहेअर नर्सरीत बघून जीव जडतो, पण ते एका दिवसाचा कोरडेपणा माफ करत नाही. ते हवंच असेल तर मोठ्या काचेच्या बरणीत लावा. ही युक्ती जुनी आहे. १८२९ साली लंडनमध्ये नॅथॅनियल वॉर्ड नावाच्या डॉक्टरने पतंगाचा कोष बंद बाटलीत मातीवर ठेवला होता; कोषाचं राहिलं बाजूला, त्या मातीत फर्न उगवलं. त्याच्या बागेत लावलेली फर्न शहराच्या धुरात मरत होती आणि बाटलीतलं वर्षानुवर्षं तगलं. पुढे अशाच काचेच्या पेट्यांतून झाडं समुद्रापार जाऊ लागली. तुमच्या बरणीला एकच पथ्य, थेट ऊन नको, नाहीतर आत झाड शिजतं.

फळीवर बांधलेलं स्टॅगहॉर्न फर्न मिळालं तर तेही घ्यायला हरकत नाही. त्याची तळाची पानं तपकिरी होऊन फळीला चिकटतात. ती वाळली म्हणून काढायची नाहीत, मुळांची पांघरुणंच आहेत ती. आपल्या सह्याद्रीतलं बाशिंग नावाचं फर्न झाडांच्या फांद्यांवर असंच बसतं, तळाच्या वाळक्या पानांत पाचोळा जमवून स्वतःचं खत स्वतः करतं. ते जंगलातून उपटून आणू नका. आणि अ‍ॅस्परॅगस फर्न हे मुळात फर्नच नव्हे. ते शतावरीच्या गोत्रातलं. त्याला फुलं येतात, काटे असतात, आणि दोन पाण्यांच्या मध्ये माती सुकलेली त्याला आवडते. घरात मांजर असेल तर तेवढं टाळा. बोस्टन मांजराने कुरतडलं तर निदान मांजराला काही होत नाही.

तुमचं तिसरं झाड फेकलंय की गॅलरीत पडलंय? पडलं असेल तर गोळा बाहेर काढून मधोमध पिळून बघा. मातीलगतचं खोड टणक आणि आतून हिरवट असेल तर सगळी पानं दोन इंचांवर कापा, माती बदला, सावलीत ठेवा. तीन-चार आठवड्यांत मधून घड्याळाच्या स्प्रिंगसारखी गुंडाळलेली, लव असलेली पानं वर येतात. त्यांना बोट लावू नका, मोडतात.

नवीन घ्यायचं तर आत्ता घाई नको, जूनच्या दुसऱ्या पंधरवड्यात घ्या. पाऊस स्थिरावलेला असतो, माती बदलली तरी झाड पटकन सावरतं. मोठं भरगच्च नको, सहा इंचांच्या कुंडीतलं घ्या. उचलून बघा, पानं बाजूला सारून मधे नवीन गुंडाळ्या आहेत का पाहा, वरचं कोकोपीट अंगठ्याने सारून खालची माती बघा. माळी म्हणेल, ‘मॅडम, रोज पाणी घाला.’ हो म्हणा आणि झाड घेऊन या.